ग्रामसभेचा ईमेल कोणाच्या ताब्यात? स्वतःचा सर्व्हर चालवायचा की दर महिन्याला पैसे भरायचे?

उन्हाळा तोंडावर आला की गडचिरोलीतल्या ग्रामसभांमध्ये तेंदूपत्त्याच्या लिलावाची लगबग सुरू होते. जाहिरात निघते, ठेकेदारांशी बोलणी होतात, दर ठरतो, करार होतो आणि बँकेत रक्कम जमा होते. वनहक्क कायदा आणि पेसा यांच्यामुळे हे व्यवहार आता गावं स्वतःच्या नावानं करतात. यात लाखो रुपयांची उलाढाल असते.

आता एक साधा प्रश्न. या व्यवहाराची पत्रं ज्या ईमेलवर येतात, तो ईमेल कोणाचा असतो?

समजा, गावातल्या एका शिकलेल्या पोरानं ग्रामसभेसाठी फुकटातलं खातं उघडून दिलं. मोबाईल नंबर त्याचा, पासवर्ड त्याच्या डोक्यात. दोन वर्षांनी तो पुण्याला नोकरीला गेला, सिम बदललं. आता लॉगिन करायला गेलं की ओटीपी जुन्या नंबरवर जातो. ठेकेदारासोबतचा सगळा पत्रव्यवहार त्या खात्यात, आणि खात्याला कुलूप. त्यात गुगलचा नियम असा आहे की सलग दोन वर्षं कुणी उघडलंच नाही, तर खासगी खातं पुसून टाकलं जाऊ शकतं. डिसेंबर २०२३ पासून ही कारवाई सुरू झाली आहे.

यावर कुणीतरी हमखास म्हणतं, "मग आपलाच सर्व्हर टाकू या ना! सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं." दुसरा म्हणतो, "कशाला नसती भानगड? महिन्याचे पैसे भरा आणि मोकळे व्हा."

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं समजून घेऊया.

दिल्लीनं काय केलं?

हा प्रश्न फक्त जंगलातल्या गावाचा नाही, केंद्र सरकारलाही तो पडला होता.

सरकारी अधिकारी कामासाठी जीमेल, याहू वापरतात, त्यांचे सर्व्हर देशाबाहेर असतात आणि हे १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याच्या विरोधात आहे, असा मुद्दा घेऊन के. एन. गोविंदाचार्य २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेननं अमेरिकेची पाळत ठेवण्याची यंत्रणा उघड केली आणि हा विषय आणखी तापला. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्रानं ईमेल धोरण जाहीर केलं. त्याचा गाभा असा होता की सरकारी काम सरकारी ईमेलवरच व्हायला हवं आणि ती सेवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी पुरवेल.

एनआयसीची स्थापना १९७६ ची. पैसा, माणसं, डेटा सेंटर, सगळं त्यांच्याकडे आहे. म्हणजे 'स्वतःचा सर्व्हर' चालवण्यासाठी देशात यापेक्षा तयार संस्था शोधून सापडणार नाही.

पण २०२३ मध्ये सरकारनं ईमेल सेवेचं सात वर्षांचं कंत्राट झोहो या चेन्नईच्या खासगी कंपनीला दिलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या बातम्यांनुसार पंतप्रधान कार्यालयासह केंद्राच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ईमेल खाती झोहोच्या यंत्रणेवर गेली.

यातली मेख बघा. खाती झोहोवर गेली, पण पत्ते बदलले नाहीत. 'गव्ह डॉट इन' आणि 'एनआयसी डॉट इन' हे डोमेन सरकारकडेच राहिले. घर भाड्याचं घेतलं, पण दारावरची पाटी स्वतःची ठेवली. उद्या घरमालक बदलला तरी पत्रं त्याच पत्त्यावर येत राहतील.

ही एक गोष्ट लक्षात ठेवा. पुढे सगळं तिच्यापाशीच येऊन थांबणार आहे.

मेल सर्व्हर म्हणजे नेमकं काय?

तुम्ही ईमेल पाठवता तेव्हा तो थेट समोरच्याच्या मोबाईलमध्ये पडत नाही. तुमचा सर्व्हर आधी विचारतो, "या डोमेनची टपाल कुठे स्वीकारली जाते?" त्याचं उत्तर डोमेनच्या नोंदींमध्ये लिहिलेलं असतं. त्या नोंदीला एमएक्स रेकॉर्ड म्हणतात. मग तुमचा सर्व्हर त्या सर्व्हरला गाठतो आणि पत्र सोपवतो.

दोन सर्व्हर ज्या भाषेत बोलतात ती एसएमटीपी. ती ठरली १९८२ मध्ये. योगायोग म्हणजे चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हाही त्याच वर्षी झाला.

त्या काळात इंटरनेटवर मोजकी विद्यापीठं आणि प्रयोगशाळा होत्या, सगळे एकमेकांना ओळखायचे. त्यामुळे 'पाठवणारा खरंच तोच आहे का' हे तपासायची सोय मूळ भाषेत नव्हतीच. आजची बरीचशी डोकेदुखी त्या भोळेपणातून आलेली आहे.

तरी या रचनेतली मोठी गोष्ट अशी की ईमेल कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. व्हॉट्सअॅप मेटाचं आहे, तुम्ही स्वतःचं व्हॉट्सअॅप काढू शकत नाही. मेल सर्व्हर मात्र कुणीही काढू शकतं. पोस्टफिक्स, डव्हकॉट ही सॉफ्टवेअर फुकट आणि खुली आहेत. मेल-इन-अ-बॉक्स, मेलकाऊ असे तयार संचही मिळतात. जमणाऱ्याला एका दुपारी सर्व्हर उभा करता येतो.

मग अडतं कुठे?

पत्र येतं, पण गेलेलं पोहोचत नाही

स्वतःच्या सर्व्हरवर पत्र घेणं तसं सोपं आहे. पाठवलेलं पत्र समोरच्याच्या इनबॉक्समध्ये पडणं हे अवघड काम.

पहिली अडचण गेटवरच येते. सर्व्हर एकमेकांना पत्रं देतात ती पोर्ट २५ नावाच्या दारातून. स्पॅम पाठवणाऱ्यांनी या दाराचा इतका गैरवापर केला की आता बहुतेक ठिकाणी ते बंद असतं. गुगल क्लाउडवर बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद आहे. अॅमेझॉनकडे ते उघडून घ्यायला अर्ज करावा लागतो. ऑफिसच्या साध्या ब्रॉडबँडवर सर्व्हर ठेवावा, तर तिथे आयपी पत्ता बदलत राहतो. मोबाईल इंटरनेटवर तर असंख्य ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्याआड बसलेले असतात. तिथे सर्व्हर चालवण्याचा प्रश्नच येत नाही.

दुसरी अडचण पतीची. बँक जशी कर्जदाराची पत बघते, तशी जीमेल आणि आउटलुक आयपी पत्त्याची पत बघतात. नव्या पत्त्याला पत नसते, म्हणजे संशय. त्याहून वाईट म्हणजे तुम्ही भाड्यानं घेतलेला पत्ता तुमच्याआधी एखाद्या स्पॅमवाल्याकडे असू शकतो. स्पॅमहाउससारख्या संस्था अशा पत्त्यांच्या काळ्या याद्या ठेवतात. तुमचा शेजारी बदमाश निघाला तर कधीकधी अख्खी गल्ली यादीत जाते.

तिसरी अडचण कागदपत्रांची. सर्व्हरला आता चार पुरावे दाखवावे लागतात. ते ग्रामसभेच्या भाषेत असे सांगता येतील:

- एसपीएफ: "आमच्या नावानं पत्र द्यायला फक्त या माणसांना परवानगी आहे" अशी जाहीर यादी.
- डीकेआयएम: पत्रावरचा शिक्का. वाटेत कुणी मजकूर बदलला तर शिक्का जुळत नाही.
- डीएमएआरसी: "यादी आणि शिक्का दोन्ही जुळले नाहीत तर पत्राचं काय करायचं" याची सूचना.
- पीटीआर: आयपी पत्त्यावरून उलट तपासणी केली की तुमचंच नाव निघायला हवं.

फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूनं हे नियम कडक केले. दिवसाला पाच हजारांहून जास्त ईमेल पाठवणाऱ्यांना पहिले तीनही पुरावे सक्तीचे झाले आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवणं बंधनकारक झालं. छोट्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक आणि पीटीआर लागतोच. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनंही मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांसाठी तसेच नियम आणले.

सगळं नीट केलं तरी खात्री नाही, हे यातलं सगळ्यात चिडवणारं. पत्र स्पॅममध्ये पडलं तर तुम्हाला कुणी कळवत नाही. ग्रामसभेनं ठेकेदाराला "शेवटची तारीख अमुक" असं लिहिलं, ते त्याच्या स्पॅममध्ये पडलं. ग्रामसभेला वाटतं कळवलं, तो म्हणतो मिळालंच नाही. आता भांडत बसा.

वीज, टॉवर आणि पर्लकोटा

चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचं आहे. पण वीज जिल्ह्यात तयार होते म्हणून दुर्गम गावातल्या सॉकेटमध्ये ती चोवीस तास असेलच, असं नाही. भामरागडला जाऊन आलेल्यांना हे माहिती आहे. पावसाळ्यात पर्लकोटाला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि तालुक्याचा संपर्क तुटतो. वीज आणि नेटवर्कही पाठोपाठ जातात.

केंद्रानं जुलै २०२२ मध्ये फोर-जी न पोहोचलेल्या गावांसाठी २६,३१६ कोटींचा प्रकल्प मंजूर केला, त्यातून दुर्गम भागात टॉवर उभे राहत आहेत. पण मोबाईलला रेंज असणं वेगळं आणि सर्व्हरला चोवीस तास स्थिर, कायमचा पत्ता असणारी लाईन मिळणं वेगळं.

इथे एक गंमत आहे. ईमेल ही सेवा मुळात अशा अडचणी गृहीत धरूनच तयार झाली. तुमचा सर्व्हर बंद असेल तर समोरचा सर्व्हर पत्र लगेच फेकून देत नाही. तो थोड्या-थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करतो. चार-पाच दिवस प्रयत्न करावा, अशी शिफारस एसएमटीपीच्या नियमांतच आहे. म्हणजे पुरानं दोन दिवस सर्व्हर बंद पडला, तरी आलेली पत्रं सहसा हरवत नाहीत.

त्यामुळे 'वीज जाते म्हणून सर्व्हर चालवताच येणार नाही' हा युक्तिवाद तितकासा पक्का नाही. शिवाय सर्व्हर गावातच ठेवला पाहिजे असंही काही नाही. मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये तो महिना पाचशे-हजार रुपयांत भाड्यानं मिळतो. वीज आणि लाईन हा प्रश्न पैशानं सुटतो. न सुटणारा प्रश्न पुढचा आहे.

रात्री दोन वाजता कोण उठणार?

सर्व्हर लावणं हे लग्न आहे, चालवणं हा संसार.

मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेल सर्व्हरमध्ये गंभीर त्रुटी असल्याचं उघड झालं. कंपनीनं दुरुस्ती दिली, पण ती बसवेपर्यंत जगभरातल्या हजारो संस्थांच्या सर्व्हरमध्ये हल्लेखोर शिरले होते. यातले बरेच सर्व्हर छोट्या संस्थांनी स्वतःच चालवलेले होते. दुरुस्ती आली हे वाचायला आणि त्याच दिवशी बसवायला तिथे माणूस नव्हता.

मोठ्यांचंही असं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर हल्ला झाला. तो ईमेलवरचा हल्ला नव्हता, पण देशातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाचं काम त्यानंतर अनेक दिवस कागद-पेनवर चाललं.

कायद्याचीही जबाबदारी येते. सीईआरटी-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेनं एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार, सर्व्हरवर हल्ला झाल्याचं लक्षात आलं की कंपन्या, सेवा पुरवठादार आणि सरकारी कार्यालयांना ६ तासांत कळवावं लागतं. सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात.

आता हे गडचिरोलीच्या एखाद्या संस्थेला लावून बघा. समजा तिथे संगणकाची उत्तम जाण असलेला एक कार्यकर्ता आहे. त्यानं हौसेनं सर्व्हर उभा केला, तीन वर्षं छान चालला. मग तो गेला. नागपूरला, पुण्याला, कुठेही. पासवर्ड एका वहीत, वही कपाटात, आणि प्रमाणपत्राची मुदत पुढच्या महिन्यात संपणार.

म्हणजे फिरून आपण पहिल्या गोष्टीपाशीच आलो. फुकटचं खातं एका पोराच्या सिमवर अडकलं होतं. स्वतःचा सर्व्हर एका कार्यकर्त्याच्या डोक्यात अडकला. नाव 'स्वावलंबन', पण अवलंबून एकाच माणसावर.

मग पैसे भरले की सुटलो?

तसंही नाही. जुलै २०२५ मधलं नायरा एनर्जीचं प्रकरण बघा.

गुजरातमधल्या वाडीनारला मोठी रिफायनरी असलेली ही कंपनी. रशियाच्या रोसनेफ्टची तिच्यात सुमारे ४९ टक्के भागीदारी आहे. युरोपीय संघानं १८ जुलै २०२५ रोजी तिच्यावर निर्बंध लावले. त्यानंतर काही दिवसांत मायक्रोसॉफ्टनं नायराच्या सेवा थांबवल्या. कर्मचाऱ्यांचे ईमेल बंद, टीम्स बंद. पैसे पूर्ण भरलेले असताना आमचाच डेटा आम्हाला मिळेनासा झाला, अशी तक्रार घेऊन नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली. जुलै संपायच्या आत सेवा पुन्हा सुरू झाल्या.

मधल्या काळात नायराचा ईमेल कुणी चालवला? मुंबईच्या रेडिफनं! ज्या रेडिफमेलवर आपल्यातल्या अनेकांनी पहिलं खातं उघडलं होतं, तीच कंपनी.

एका भारतीय कंपनीनं भारताचा कोणताही कायदा मोडला नव्हता, बिल थकवलं नव्हतं, तरी ईमेल बंद झाला. पैसे भरून तुम्ही सेवा विकत घेता, ताबा नाही.

अटीही बदलत राहतात. गुगलनं संस्थांना स्वतःच्या डोमेनवर फुकट ईमेल देणं डिसेंबर २०१२ मध्ये नव्या ग्राहकांसाठी बंद केलं. विद्यापीठांना आधी अमर्याद जागा दिली, मग २०२२ पासून अख्ख्या संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मर्यादा लावली. देशभरातल्या शिक्षण संस्थांना तेव्हा जुना डेटा आवरत बसावं लागलं. 'फुकट' आणि 'अमर्याद' हे दोन शब्द ऐकले की शेवटची तारीख विचारून घ्यायची.

ताडोबानं शिकवलेला धडा

याच पट्ट्यातलं, सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरणही आहे. ते ईमेलचं नाही, पण दुखणं तेच.

ताडोबाच्या सफारीचं ऑनलाइन बुकिंग एका खासगी एजन्सीमार्फत व्हायचं. ऑगस्ट २०२३ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या प्रतिष्ठानाला देणं असलेले सुमारे १२ कोटी रुपये भरले नाहीत, असा आरोप करत चंद्रपुरात एजन्सीविरुद्ध गुन्हा दाखल झाला. ऑनलाइन बुकिंग थांबलं. पर्यटकांची गैरसोय झालीच, पण जिप्सीचालक, गाईड, रिसॉर्टमध्ये काम करणारी गावं, या सगळ्यांचं पोट त्या बुकिंगवर असतं.

त्यानंतर बुकिंग नव्या संकेतस्थळावर सुरू झालं. त्या नव्या पत्त्याचा शेवट 'महाफॉरेस्ट डॉट गव्ह डॉट इन' असा आहे. म्हणजे पाटी वनविभागाची. आरोपांचं काय व्हायचं ते न्यायालयात ठरेल. पण व्यवस्था चालवायला बाहेरचा माणूस ठेवला, तरी पत्ता आणि नोंदी स्वतःच्या हातात हव्यात, हे तिथे सगळ्यांनी बघितलं.

हिशेब मांडून बघूया

समजा एका संस्थेला २० ईमेल खाती हवी आहेत.

*पैसे भरून:* भारतीय कंपन्यांच्या सुरुवातीच्या योजना एका खात्याला महिना साधारण ६० रुपयांपासून मिळतात. २० खात्यांचे महिन्याला १,२००, वर्षाला १४,४०० रुपये. गुगल किंवा मायक्रोसॉफ्टकडे हाच आकडा दुप्पट ते तिप्पट होऊ शकतो. नोंदणीकृत सामाजिक संस्थांना या कंपन्या मोफत किंवा सवलतीच्या योजना देतात, त्यासाठी पडताळणी करून घ्यावी लागते.

*स्वतःचा सर्व्हर:* भाडं महिना १,००० धरलं तर वर्षाला १२,०००. बॅकअपची जागा वेगळी. कागदावर स्वस्त दिसतं. पण महिन्याला किमान एक दिवस कुणाला तरी यावर घालवावा लागेल आणि अडचण आली तर लागोपाठ तीन. जाणकार माणसाच्या दिवसाचे दीड-दोन हजार धरले, तर वर्षाचे अठरा-चोवीस हजार वरचे. एकूण खर्च ३० ते ३६ हजार.

म्हणजे २० खात्यांना सर्व्हर महाग पडतो. दोनशे-पाचशे खाती असतील, एखादं महाविद्यालय किंवा विद्यापीठ असेल, तर गणित फिरू शकतं, कारण सर्व्हरचा खर्च खात्यांच्या पटीत वाढत नाही. पण तिथे पगारी, कायमचा माणूस हवा. आणि एक नाही, दोन.

फुकटच्या खात्याचा हिशेब मात्र बहुतेक जण करतच नाहीत. त्याचा खर्च शून्य असतो, खातं हातातून जाईपर्यंत.

एवढं का ताणायचं? ईमेलच तर आहे!

कारण ईमेल आता पुरावा आहे.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. ती नोंद कोणत्या उपकरणातून आली, ते कोणाच्या देखरेखीखाली होतं, हे सांगावं लागतं. ज्या खात्यात आपल्याला शिरताच येत नाही, त्यातल्या पत्राचं प्रमाणपत्र कोण देणार?

मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू वाहतुकीचा परवाना स्वतः देण्याचं पुस्तक गावाच्या हातात यायला एप्रिल २०११ उजाडला. मधली दोन वर्षं झगडण्यात गेली. त्या गावाची ताकद कशात होती? बैठकीत, चर्चेत आणि लिहून ठेवण्यात. हक्क मिळाला तरी कागद आपल्याकडे नसेल तर तो वापरता येत नाही, हे या भागाला कुणी नव्यानं सांगायची गरज नाही. फरक इतकाच की आता कागद इनबॉक्समध्ये असतो.

मग कोणी काय करावं?

सर्व्हर की सेवा, हा प्रश्न आपण उगाच पहिला विचारतो. पहिला प्रश्न डोमेनचा आहे.

१. डोमेन संस्थेच्या नावावर घ्या. 'डॉट इन' डोमेन वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आत मिळतं. ते वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर नको, अध्यक्षांच्या भाच्याच्या नावावरही नको. नूतनीकरणाची तारीख ग्रामसभेच्या किंवा संस्थेच्या इतिवृत्तात लिहा. डोमेन आपलं असेल तर सेवा कधीही बदलता येते. एमएक्स रेकॉर्ड बदलला की एक-दोन दिवसांत टपाल नव्या पत्त्यावर यायला लागते. केंद्र सरकारनं असंच केलं.

२. ईमेल पदाच्या नावानं काढा. 'सचिव', 'लेखा', 'वनव्यवस्थापन' अशी खाती हवीत. माणूस बदलला की पासवर्ड बदलायचा, पत्ता तोच राहतो.

३. चाव्या दोघांकडे ठेवा. मुख्य लॉगिन दोन जणांकडे आणि रिकव्हरीचा मोबाईल नंबर संस्थेच्या सिमचा. ते सिम रिचार्ज करणं हा संस्थेचा खर्च समजा. बचत गटाच्या बँक खात्यावर दोन सह्या लागतात, तसंच हे.

४. महिन्यातून एकदा पत्रं उतरवून घ्या. थंडरबर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर सगळे ईमेल संगणकावर उतरवतं. त्याची प्रत एका हार्ड डिस्कवर ठेवा. पुरवठादारानं उद्या दार बंद केलं तरी जुनं दप्तर आपल्याकडे राहील.

५. मग पुरवठादार निवडा. छोट्या संस्थेनं, ग्रामसभेनं, दुकानदारानं पैसे भरून सेवा घेणंच बरं. वर्षाचा करार करा, पाच वर्षांचा नको. घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: "आम्हाला उद्या सोडून जायचं असेल तर आमची सगळी पत्रं कशी मिळतील?" उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचं दुकान बघा.

६. स्वतःचा सर्व्हर कोणी चालवावा? ज्यांच्याकडे किमान दोन जाणकार माणसं पगारावर आहेत, खाती शेकड्यांत आहेत आणि पत्रव्यवहार बाहेर ठेवणं खरंच जोखमीचं आहे, त्यांनी. शिकायचं म्हणून विद्यार्थ्यांनीही जरूर चालवावा. मेल सर्व्हर उभा करताना इंटरनेट जेवढं कळतं, तेवढं पुस्तकातून कळत नाही. फक्त त्यावर तेंदूचा करार नको.

मधला मार्गही आहे. पत्रं स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायची आणि बाहेर पाठवण्याचं काम पत असलेल्या सेवेला द्यायचं. त्यामुळे स्पॅममध्ये पडण्याची कटकट बरीच कमी होते आणि दप्तर आपल्या ताब्यात राहतं. पण रात्री दोनला उठणारा माणूस इथेही लागतोच.

थोडक्यात

स्वतःचा मेल सर्व्हर चालवणं अशक्य नाही. पण आज ते तंत्रज्ञानापेक्षा मनुष्यबळाचं आणि पतीचं काम झालं आहे, आणि ईमेलची पत ठरवणं दोन-तीन बड्या कंपन्यांच्या हातात गेलं आहे. जी सेवा कुणाच्याच मालकीची नसावी म्हणून जन्मली, तिचं असं व्हावं हे चांगलं नाही. यावर नियामकांनी बोलायला हवं.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करता येईल. फुकटचं खातं बदलायला या वर्षीच्या तेंदू हंगामाआधी एक बैठक पुरेशी आहे. बैठकीत एकच विषय ठेवा: आपल्या डोमेनची आणि ईमेलची चावी कोणत्या दोघांकडे राहील? ठराव लिहा, सह्या घ्या. आणि त्या ठरावाची एक प्रत कागदावरही ठेवा.